डोंगराचा एक

४ नोव्हेंबर, मंगळवार

भोकं बारा. मोजले तेरा. एक डोंगराचा.

दगड मात्र — काय सांगू! एकेक धोंडा खोलीएवढा. धूळ बसल्यावर ढिगाकडे बघितलं आणि वाटलं, हे फोडलंय की नुसतं जागेवरून हलवलंय? तिसऱ्याच डंपरला क्रशरच्या जबड्यात धोंडा अडकला तो दुपारपर्यंत निघाला नाही. क्रशर चालवणारा खडखड्या वरून ओरडला, "मास्तर, पुढच्या वेळी डोंगर आहे तसाच पाठवा! आम्ही इथे चावून खातो!" या माणसाचं तोंड त्याच्या मशीनपेक्षा जास्त वाजतं. सगळे हसले. मी खाली उभा. अंगाची नुसती लाही लाही झाली.

मी काय दगडाला शिव्या घालू? ही खालची खाण अकरा वर्षं पाण्याखाली होती. या मोसमात पाणी उपसून परत उघडली. मला कोणी विचारलं? वरच्या खाणीत बरं चाललं होतं. तिथला दगड भुसभुशीत, कसाही सुरुंग लावा, फुटतो. खालचा दगड अखंड, काळा, माणसासारखा हट्टी. आणि या खाणीत मला पाऊल टाकायचं नव्हतं. ते कोणाला सांगणार!

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. पंख्याखाली बसून म्हणाले, "मास्तर, उद्या इंजिनीअर येतायत. तुमचं डिलेचं टायमिंग बघतील."

माझं टायमिंग! तीस वर्षं सुरुंग लावतोय मी. बघा म्हणावं. चष्मा लावून बघा.

५ नोव्हेंबर, बुधवार

इंजिनीअर म्हणजे बाई निघाली. माझ्या भाचीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बूट बरोबर होते, हे कबूल. हेल्मेटही स्वतःचं, ओरखडे पडलेलं. पण पहिलं वाक्य काय? "काका, दोन सुरुंगांत अर्धा सेकंद? इतका का ठेवता?"

काका! माझे केस पिकलेत ते दगडाच्या धुळीने, हिला काय माहीत.

सांगितलं तिला. अर्ध्या सेकंदाचा डिले ठेवला की प्रत्येक सुरुंग सुटा ऐकू येतो. लोखंडी खोपटात उभं राहायचं, डोळे मिटायचे, एकेक बोट दुमडत मोजायचं. बारा लावले, बारा वाजले — म्हणजे ढिगात काही जिवंत राहिलं नाही. मग माझी सही, मग भोंगा, मग माणसं आत. एखादा न फुटता दगडाखाली राहिला तर पोकलेनचा दात लागायचा अवकाश. हे कानाचं काम आहे. उस्तादांनी मला कान पकडून शिकवलं.

आणि उस्तादांचं वाक्यही ऐकवलं : जास्त आला तर डोंगराचा, कमी आला तर आपला. म्हणजे एखादा जास्त ऐकू आला तर तो पलीकडच्या कड्यावरून परत आलेला आवाज, सोडून द्यायचा. एक कमी आला तर जागचं हलायचं नाही, तो सापडेपर्यंत शोधायचा.

बाईने विचारलं, "आणि बरोबर आले तर?"

"बरोबर आले तर बरोबर! यात काय विचारायचं?"

तिने वहीत काहीतरी लिहिलं. लिहिणाऱ्यांचं मला नेहमीच भय वाटतं — मी स्वतः लिहितो म्हणून असेल.

मग तिने खडूचा तुकडा काढला आणि एका धोंड्यावर मला शिकवायला बसली. माझ्याच धोंड्यावर! म्हणे, पहिला सुरुंग फुटला की समोरचा दगड सुटून पुढे सरकतो आणि मागच्याला सुटायला जागा होते. दुसरा फार लवकर फोडला तर जागाच झालेली नसते. जमीन हादरते, दगड वर उडतो. फार उशिरा फोडला तर पहिल्याने दिलेला ताण विरून गेलेला असतो. मग प्रत्येक सुरुंग एकटा लढतो. दगड पिचत नाही, मुळातल्या चिरांवर सुटा होतो आणि धोंडे पडतात. मधली वेळ साधली तर दोघं मिळून फोडतात. "पंचवीस मिलिसेकंद धरू या, काका. सेकंदाचा चाळिसावा भाग."

"आणि मोजायचे कसे? बारा सुरुंग पापणी लवायच्या आत!"

"कानाने नाही मोजायचे," म्हणाली.

उंटावरची शहाणी! कानाने नाही तर काय नाकाने मोजू? तिथून तडक निघालो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज घरी भांडण. मीच केलं.

भाचीचं लग्न पुढच्या महिन्यात. ताई पत्रिकांची यादी घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली होती. पेनाचं टोपण चावत म्हणाली, "धाकट्याला द्यायची का रे?"

मी ताट सरकवलं. पाणी सांडलं, यादी भिजली.

"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "पोरगी म्हणते, दोन्ही मामा हवेत."

"तो पुढच्या दाराने आत आला तर मी मागच्या दाराने बाहेर जाईन. मग बसवा त्याला माझ्या खुर्चीवर!"

ताईने फडकं घेऊन टेबल पुसलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, माझा राग तरी खाली बसला असता.

कधी एकदाचं सगळं सलग लिहून काढावं म्हणतो, म्हणजे मलाच पुन्हा पुन्हा आठवायला नको. खालचीच खाण. चौदा सुरुंग. मी खोपटात. मोजले चौदा. चोख. सही केली, भोंगा झाला, दाजी पोकलेन घेऊन ढिगावर गेले. ताईचा नवरा, पण मला थोरल्या भावासारखा. पाऊण तासाने ढिगात स्फोट. पोकलेनची केबिन उरली नाही. ताईच्या पदरात बारा वर्षांची पोर.

चौदा लावले, चौदा फुटले. मग फुटलं काय? उरलेला माल! भोकं भरून झाल्यावर उरलेल्या कांड्या आणि डिटोनेटर कोठारात परत न्यायचं काम धाकट्याचं. माझा सख्खा भाऊ, तेव्हा माझ्याच हाताखाली. आळस केला असणार. फेरी वाचवायला दगडाआड टाकून दिला असणार. दुसरं काही असूच शकत नाही. कोठाराच्या रजिस्टरात परत आलेला माल बरोबर लिहिलेला होता म्हणे. लिहायला काय, पेन त्याच्याच हातात! हे सगळं मी चौकशीत सांगितलं. त्याचं सुरुंगाचं काम गेलं, धोंडे फोडायच्या ब्रेकरवर टाकला. ताईने त्याला दार बंद केलं. बरोबर केलं.

आणि याचं धाडस बघा. त्या संध्याकाळी मला गाठून म्हणतो, "दादा, मी तेराच ऐकले." लाल निशाण घेऊन उभा होता खाणीच्या पलीकडे, कड्याला पाठ लावून. तिथून हा मोजणार! भाऊ म्हणा, बहिणीचा नवरा म्हणा, माणूस जाऊन चार तास झाले नव्हते आणि हा माझ्या मोजणीवर बोट ठेवतो! थोबाडीत दिली. बरं, मग चौकशीत तरी तेच सांगावं? साहेबांनी विचारलं, किती ऐकले? माझ्याकडे बघत म्हणतो, "मोजले नाहीत." एका तोंडात दोन जिभा. खोटं बोलणाऱ्याला स्वतःचंच खोटं आठवत नाही ते असं.

अकरा वर्षं एकाच खाणीत काम करतो आम्ही. एक शब्द नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बाईने माझ्या भोकांची खोली आणि अंतरं पट्टीने मोजली. सगळी बरोबर निघाली. "काका, तुमची भोकं फार सरळ असतात," म्हणाली. मला गूळ लावू नका.

८ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. सोमवारी बाईचा सुरुंग. भोकं तेवढीच, अंतर तेवढंच, माल तेवढाच — फक्त वेळ तिची. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही फक्त बघा."

बघा! तीस वर्षांनी मला माझ्याच खाणीत प्रेक्षक केला. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तोंड बंद ठेवलं. सोमवारी खुशाल आपटू दे तिला. हातच्या काकणाला आरसा कशाला.

येताना धाकटा दिसला. डब्याच्या खोलीबाहेर चहा पीत होता. कप दोन्ही हातांनी धरतो. ब्रेकरचे धक्के खाऊन खाऊन हात थरथरतात म्हणे. जितके धोंडे मोठे तितका ब्रेकर जास्त, असं खडखड्या कोणाला तरी सांगत होता, मला ऐकू जाईल इतक्या जोरात. म्हणजे आता त्याचे हातही माझ्याच नावावर! थरथरू देत. दाजींचे हात कुठे आहेत?

१० नोव्हेंबर, सोमवार

ढुम, ढुम, ढुम — काही नाही. एकच लांबलचक आवाज, जाड कापड फाडल्यासारखा, आणि संपलं. मी एक बोट दुमडलं होतं. ते तसंच राहिलं.

धूळ बसली. बाई लगेच भोंगा देईना. आधी जमिनीत पुरलेल्या, धक्के नोंदवणाऱ्या डब्यातला आलेख बघितला, मग एकटी वर गेली, भोकांच्या रांगेवरून एक ते बारा चालत, प्रत्येकाच्या जागी वाकून. वीस मिनिटं. मग म्हणाली, आता जा.

ढीग... लिहायला हात वळत नाही. पण वहीशी खोटं बोलायचं नाही हा नियम मीच केलाय. ढीग सुंदर होता. डोक्याएवढे, फार तर बादलीएवढे दगड. पोकलेनचा पंजा मातीत जावा तसा आत जात होता. खडखड्याने क्रशरवरून दोन्ही हात जोडले — मला नाही, बाईला.

धाकट्याच्या ब्रेकरला काम नव्हतं. केबिनमधून पाय बाहेर सोडून बसला होता, हात मांडीवर पालथे टाकून. मग डुलकी लागली त्याला. कामाच्या वेळी! मॅनेजरसाहेब शेजारून गेले, बोलले नाहीत.

सगळे खूश. मी एकटा गाढव.

११ नोव्हेंबर, मंगळवार

क्रशर दिवसभर एकदाही थांबला नाही. डोकं उठलं त्या आवाजाने.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. मॅनेजरसाहेबांचा चहा बशीत आला.

म्हणालो, एका सुरुंगावर निकाल लावता? त्या दिवशी दगडच मऊ लागला असेल. तिच्या पद्धतीत मोजता येत नाही. मोजता येत नाही ते जिवावर बेतणारं, आणि जिवावर बेतलं म्हणजे काय होतं हे या खाणीत मला कोणी शिकवू नये. शेजारच्याच पट्टीवर माझा सुरुंग लावू द्या, माझ्या अर्ध्या सेकंदाने. मग दोन ढीग शेजारी शेजारी ठेवून बघा.

साहेब बाईकडे बघत राहिले. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "लावू दे ना. मलाही दोन्ही आलेख शेजारी हवेत. पण डबे मी माझे तीन ठेवणार : एक जमिनीत, एक काकांच्या खोपटाजवळ, एक पलीकडे कड्याखाली."

ठेव की. तीन काय, तेरा ठेव. खोपटात माझे दोन कान आहेत ते पुरेत.

बाहेर पडताना म्हणाली, "काका, मोठा डिले असला की अजून एक होतं. पहिल्याने सरकवलेला दगड शेजारच्या भोकाला ओढतो. त्याची वेळ यायच्या आत त्याला पेटवणारी नळीच तुटते."

"माझी नाही तुटत," म्हणालो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या.

ताईने विचारलं, जेवला का नाहीस? राग खाऊन पोट भरलंय म्हणालो. ती म्हणाली, "तो तू रोजच खातोस. वर चार घास खायला काय झालं?" तिच्यापुढे माझं काही चालत नाही. चार घास खाल्ले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भोकं बारा. मोजले बारा. चोख!

एकेक बोट दुमडत गेलो. अर्ध्या सेकंदाच्या पावलाने एकामागून एक, घड्याळासारखे. शेवटचा थोडा पातळ वाजला, पण वाजला. बारा! खोपटातून बाहेर आलो तो छाती काढून. सहीचं पॅड काढलं, सही ठोकली, भोंगेवाल्याला हात केला.

ढिगात धोंडे होते. असू देत! धोंडे फोडता येतात. म्हणून तर धाकट्याचा ब्रेकर उताराच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून उभा होता.

आणि ही बाई पळत आली. हेल्मेट एका हाताने धरून, दुसरा हात वर करून ब्रेकरच्या समोर जाऊन उभी राहिली. एवढंसं माणूस, एवढ्या मोठ्या यंत्रासमोर. "थांबवा! आत कोणी जायचं नाही!"

मी ओरडलो, "मी सही केलीय!"

"काका, जमिनीतल्या डब्यात अकरा आहेत."

"मी बारा ऐकले!"

"तुमच्या खोपटाजवळच्या डब्यातही बारा आहेत. पण कड्याखालच्यात अकरा. जमिनीला धक्के अकराच."

"दोन डबे खोटं बोलतायत आणि एक खरं! यंत्राला कान असतात का?" मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तिच्या वयाला, शिक्षणाला, बाईपणाला, सगळ्याला बोललो. खाणीतली वीस माणसं ऐकत होती. ती हललीच नाही. हात वरच.

धाकट्याने इंजिन बंद केलं.

मला वाटलं होतं, मजा घेईल. तोंडावर काहीच नव्हतं त्याच्या. केबिनमधून उतरला, बाईच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "दादांना द्या. धूळ गेलीय त्यांच्या घशात." मला नाही, तिला म्हणाला.

नाही प्यायलो.

मॅनेजरसाहेबांनी खाण बंद केली. उद्या सकाळी उजेडात शोधायचं. माझ्या सहीवर रेघ मारली — माझ्यादेखत, लाल पेनाने. तीस वर्षांत पहिली रेघ.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सापडला.

नववा. मीच शोधला. बाई रांगेच्या त्या टोकाहून निघाली, मी या टोकाहून, उद्देश हा की तिला तोंडघशी पाडायचं. आठव्या आणि दहाव्याच्या मध्ये जमीन फुगलेली नव्हती. दगड हाताने बाजूला केले. नळी तुटून लोंबत होती, दोरी ओढून तोडावी तशी. खाली माल जसाच्या तसा. बरोबर त्याच्याच पुढे, सात-आठ पावलांवर, ढिगात एक मोठा धोंडा. धाकट्याचा ब्रेकर पहिल्यांदा त्याच्याकडेच निघाला होता.

सगळ्यांना लांब नेलं, नियमाप्रमाणे तो निकामी केला. माझ्याच हातांनी. हात थरथरत होते. धाकट्यासारखे.

मग बाईने खोपटापाशी बसून सांगितलं. आवाज न चढवता. इथून कडा असा आहे की आवाज जाऊन परत यायला अर्धा सेकंद लागतो. आपला डिलेही अर्ध्या सेकंदाचा. म्हणून प्रत्येक सुरुंगाचा परत आलेला आवाज पुढच्या सुरुंगाच्या आवाजात बुडतो, वेगळा कळतच नाही. नववा फुटला नाही, तर त्याच्या जागी आठव्याचा परत आलेला आवाज वाजतो आणि कानाला खड्डा कळत नाही. आणि शेवटच्याचा परत आलेला आवाज सुटा ऐकू येतो. तो डोंगराचा एक. "तुम्ही बारा लावले की खोपटात तेरा यायलाच हवेत, काका. बारा आले, म्हणजे एक गेला."

मी विचारलं, "मग कड्याखाली अकरा कसे?"

"कड्याला टेकून उभं राहिलं की जाणारा आणि येणारा आवाज एकच. तिथे डोंगर काही जास्तीचा देत नाही. तिथे खरा आकडा ऐकू येतो."

मी उठलो. चालायला लागलो. खडखड्या समोरून आला, पहिल्यांदाच काही बोलला नाही, बाजूला झाला.

आत्ता लिहितानाही राग येतोय. कोणाचा ते कळत नाही. उस्तादांचा? त्यांनी शिकवलं : जास्त आला तर डोंगराचा, कमी आला तर आपला. बरोबर आला तर काय, हे नाही शिकवलं! आणि मी कधी विचारलं नाही. त्या पोरीने पहिल्याच दिवशी विचारलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर घरात येरझाऱ्या. ताई म्हणाली, "फरशी झिजेल."

एक सुरुंग चुकला म्हणून तीस वर्षं चुकली असं होत नाही! कालचं काल. अकरा वर्षांपूर्वीचं ते वेगळं. त्या दिवशी मी चौदा ऐकले होते, स्वच्छ, एकेक. खोपटं तेच, कडा तोच, हे खरं. पण चौदा म्हणजे चौदा. कोणाच्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय — काल संध्याकाळपासून मॅनेजरसाहेब माझ्या नजरेला नजर देत नाहीत. खाणीत जुनी माणसं आहेत. कुजबुज होणार. चोराच्या उलट्या बोंबा होणार. धाकटा आता सगळ्यांना सांगत फिरणार, बघा, मी म्हणत होतो!

पण माझ्याकडे पुरावा आहे. सुरुंगाच्या दिवसाची पहिली ओळ भोकांची आणि मोजणीची, तीस वर्षं एक दिवस चुकलेली नाही. त्या वर्षाची वही ताईच्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहे. दाजी गेल्यावर आत टाकली ती परत उघडली नाही. वर लग्नाचे कपडे, भांडी, काय काय रचलंय. उद्या काढतो. त्या आठवड्याचं पान घेऊन जातो ऑफिसात, टेबलावर आपटतो, बाईच्या नाकासमोर धरतो. धाकट्यालाही वाचायला लावतो, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

ताईला म्हणालो, उद्या ट्रंक काढायची आहे. म्हणाली, "काय हवंय त्यात?"

"माझा खरेपणा," म्हणालो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ट्रंक काढली. त्या आठवड्याच्या पहिल्या ओळी आहेत तशा उतरवतो.

सोमवार — भोकं दहा. मोजले अकरा. एक डोंगराचा.

मंगळवार — भोकं बारा. मोजले तेरा. एक डोंगराचा.

गुरुवार — भोकं बारा. मोजले तेरा. डोंगर फार उदार झालाय!

शनिवार — भोकं चौदा. मोजले चौदा. चोख.

शनिवारी दाजी गेले.

म्हणजे फुटले तेरा. कड्याला पाठ लावून उभ्या असलेल्याने ऐकलेले तेरा. चौकशीत त्याने ते सांगितलं असतं तर माझी सही होती, मी तुरुंगात गेलो असतो. म्हणून माझ्याकडे बघत म्हणाला, मोजले नाहीत.

ताई बाहेरच्या खोलीत पत्रिकांवर नावं घालते आहे. वही घेऊन तिच्याकडे चाललो आहे.